स्टेप हेडर लावल्यावर मधल्या आरपीएमला गाडी बसते? ग्राइंडर उचलण्याआधी हे तपासा

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे आपण एकाच दुखण्याबद्दल बोलतोय का ते कळेल.

स्पर्धेची गाडी, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, नवा स्टेप हेडर (जळका गॅस इंजिनातून बाहेर नेणारा, टप्प्याटप्प्याने रुंद होणाऱ्या नळ्यांचा संच). आयडलिंग ठीक. साधारण ३,५०० पर्यंत गाडी नीट ओढते. मग पुढच्या हजारभर आरपीएमला ती बसते, पाय पूर्ण दाबला तरी उचलत नाही. ५,००० च्या आसपास अचानक जीव येतो आणि वर चांगली ताणते. थ्रॉटल सोडला की मागून फटाके. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की हेडपाशी बारीक टिकटिक, गरम झाल्यावर ती बंद. आणि सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे लॅम्ब्डा मीटर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण सांगणारा) मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवतो, पण प्लग काढून बघावेत तर काजळीने काळे.

यातली तीन-चार लक्षणं जुळत असतील तर पुढे वाचा. माझी शेड नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आहे. ऑटोक्रॉस आणि रॅलीच्या गाड्यांचं एक्झॉस्टचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की गाडी ट्रेलरवरून उतरायच्या आधीच साबणाचं पाणी तयार ठेवतो. येणारा प्रत्येक जण एकच सांगतो: "स्टेप चुकलीय, कापून दुसरीकडे घ्या." स्टेप चुकलेली असतेही कधी कधी. पण बहुतेक वेळा कापायची गरज पडत नाही.

कारण समजून घ्या. स्टेप हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरची नळी, म्हणजे प्रायमरी, पोर्टपाशी (हेडमधल्या गॅस बाहेर पडायच्या भोकापाशी) बारीक असते आणि पुढे एक-दोन ठिकाणी टप्प्याने रुंद होते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट नळीतून धावते. नळी जिथे एकदम रुंद होते तिथून उलट जातीची, ओढणारी लाट मागे फिरते. साध्या हेडरमध्ये ती कलेक्टरपाशी, म्हणजे सगळ्या नळ्या एकत्र होतात तिथे, एकदाच फिरते. स्टेप असेल तर प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी फिरते, म्हणून तिची खेच जास्त आरपीएमवर पसरते. शिवाय उलट शिरू पाहणाऱ्या गॅसला टप्प्याची कड आडवी येते.

थोडा हिशोब. तापलेल्या गॅसमध्ये लाट सेकंदाला साधारण ५५० ते ६०० मीटर धावते. ७०० मिमीच्या नळीत जाऊन परत यायला तिला अडीच मिलिसेकंद लागतात. ७,००० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक १०५ अंश फिरतो, ४,००० ला फक्त ६०. लाट तीच आणि वेळही तोच, पण क्रँकच्या हिशोबात ती दुसऱ्याच ठिकाणी पोचते. ओव्हरलॅपच्या क्षणी, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असताना, पोर्टच्या तोंडाशी खेच असेल तर ताजं मिश्रण आत ओढलं जातं, दाब असेल तर जळका गॅस उलटा शिरतो. म्हणून कोणत्याही हेडरला कुठे ना कुठे टॉर्कचा, म्हणजे ओढीचा, खड्डा असतोच. स्टेपने तो उथळ होतो, नाहीसा होत नाही. डायनोच्या (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर थोडा झोल दिसला म्हणून घाबरू नका. मी बोलतोय तो खड्डा सीटवर बसून जाणवतो.

आता मुद्द्याची गोष्ट. खेच जितकी जोरदार, तितकी ती प्रत्येक फटीतून बाहेरची हवा आत ओढते. कास्ट आयर्नच्या मूळ मॅनिफोल्डवर जी बारीक गळती वर्षानुवर्षं कळली नसती, ती चांगल्या हेडरवर गाडी बसवते. आत आलेली हवा लॅम्ब्डा सेन्सरला दिसते, तो मिश्रण लीन आहे असं कळवतो, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो. सिलिंडरमध्ये मात्र मिश्रण मुळात ठीक होतं, ते आता रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, झालं. लीन रीडिंग आणि काळे प्लग एकत्र दिसतात ते यामुळे. थ्रॉटल सोडल्यावरचे फटाकेही बरेचदा यातूनच येतात.

पहिली तपासणी: साबणाचं पाणी

इंजिन थंड आणि बंद. व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू किंवा ब्लोअर सायलेन्सरच्या तोंडात धरा, भोवती फडकं गुंडाळा. भांडी घासायचं लिक्विड पाण्यात मिसळून फ्लँज (हेडर इंजिनाला नटांनी जोडणारी जाड पट्टी), प्रत्येक टप्प्याची वेल्ड, कलेक्टर आणि सेन्सरची बैठक यांवर फवारा. बुडबुडे आले की जागा सापडली. काही जण इंजिन सुरू करून अगरबत्तीचा धूर धरतात. धूर आत ओढलेला दिसतो हे खरं, पण पेट्रोलच्या गाडीपाशी जळती वस्तू मी शेडमध्ये कुणालाच नेऊ देत नाही.

फ्लँजला बुडबुडे आले तर आधी नट बघा. थंड इंजिनवर, मधून सुरू करून बाहेरच्या बाजूंकडे, तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कने, टॉर्क पान्यानेच कसा. नवा हेडर एकदा तापून थंड झाला की गॅस्केट दबते आणि नट सैल पडतात. दुसऱ्यांदा कसायचं तेवढं राहिलं होतं, ते केलं आणि दुखणं गेलं, अशा गाड्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

कलेक्टर स्प्रिंगने धरलेल्या स्लिप जॉइंटचा, म्हणजे नळ्या नुसत्या आत सरकवलेल्या, असेल तर तिथे थोडे बुडबुडे येणारच, ती रचनाच तशी आहे. स्प्रिंगा ताणलेल्या असाव्यात आणि नळ्या हाताने हलवल्यावर खडखडू नयेत, एवढं पाहा.

थंडपणी गळणारी आणि गरम झाल्यावर बंद होणारी जागा बहुतेक फ्लँजची असते. उलट, गाडी दहा मिनिटं पळाल्यावरच आवाज सुरू होत असेल तर वेल्डला केसासारखी भेग असण्याची शंका घ्या, ती तापल्यावर उघडते. थंड हेडरवरचं साबणाचं पाणी तिला पकडेलच असं नाही. त्यासाठी लाल रंगाचं डाय पेनिट्रंट वापरा. अंबड-सातपूरच्या वेल्डिंगच्या दुकानांत त्याचे स्प्रे मिळतात. जागा घासून साफ करा, लाल रंग मारा, थोडा वेळ मुरू द्या, पुसा, वर पांढरा डेव्हलपर. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

सेन्सर कुठे बसवलाय ते बघा

याला पैसे लागत नाहीत, फक्त वाकून बघायचं. चारही नळ्या जिथे एकत्र होतात त्याच्या पुढे, गॅस मिसळल्यावर सेन्सर हवा. एकाच प्रायमरीत असेल तर तो एकाच सिलिंडरची गोष्ट सांगतो आणि ईसीयू ती चौघांना लावतो. सेन्सरचं टोक खाली झुकलेलं हवं, म्हणजे नळीच्या वरच्या अर्ध्या भागात बसवलेला. आडवा किंवा खालून बसवला तर थंड सकाळी नळीत साठलेलं पाणी त्यावर येऊन तो मरतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे जी थंडी पडते, तेव्हा हे हमखास होतं.

व्हर्निअर लावा

ही तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

पिंपळगावचा एक मुलगा जुनी एस्टीम घेऊन आला होता, १,२९८ सीसी. हेडर दुसऱ्या एका शेडमध्ये बनवलेला. स्टेप दोनदा कापून सरकवली होती, दोन्ही वेळचे वेल्डचे पट्टे स्पष्ट दिसत होते. खड्डा जागच्या जागी. साबणाचं पाणी मारलं, गळती नाही. सेन्सर योग्य जागी. मग गाडीखाली झोपून पोर्टजवळच्या नळीला व्हर्निअर लावला. आकडा आला ४८.३.

त्याला विचारलं, "पाइप काय सांगून आणला होतास?"
"दीड इंच, दादा. सगळे दीडच सांगतात."

दुकानदाराने दिला तो दीड इंचीच होता. पण पाइप आणि ट्यूब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाइप एनबी (नॉमिनल बोअर) मापाने विकला जातो, ते नावापुरतं माप असतं. दीड इंच एनबी पाइपचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी असतो. ट्यूब मात्र बाहेरच्या व्यासानेच ओळखली जाते, म्हणजे दीड इंची ट्यूब खरोखर ३८.१ मिमी. त्याचा पाइप शेड्यूल १० चा होता, भिंत २.७७ मिमी. आतला व्यास पावणेत्रेचाळीस मिमी आला, क्षेत्रफळ सुमारे १,४४० चौरस मिमी. दीड इंची, १.६ मिमी भिंतीच्या ट्यूबचं क्षेत्रफळ साधारण ९५५. म्हणजे दीडपट. सव्वातीनशे सीसीच्या सिलिंडरला एवढी रुंद वाट मिळाल्यावर मधल्या आरपीएमला गॅसचा वेग पडणारच. तिथे स्टेप कुठेही सरकवा, काही फरक पडत नाही.

म्हणून दुकानात जाताना "बाहेरचा व्यास ३८.१, भिंत १.६, ट्यूब" असं कागदावर लिहून न्या. आणि गॅल्व्हनाइज्ड पाइप कितीही स्वस्त मिळाला तरी आणू नका. वेल्ड करताना जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी-ताप भरतो.

याच मापांत स्टेपची एक सोयही आहे. आपल्या कारागिरांच्या भाषेत इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. भिंत अर्धा सूत असेल तर एक सूत मोठ्या ट्यूबचा आतला व्यास लहान ट्यूबच्या बाहेरच्या व्यासाएवढाच येतो. दीड इंची ट्यूब इंच पाच सुताच्या ट्यूबमध्ये अलगद सरकते. स्टेप आपोआप तयार होते, क्षेत्रफळ सुमारे १९ टक्के वाढतं. मी एका टप्प्याला एक सूत यापलीकडे जात नाही. दीडवरून एकदम पावणेदोनला उडी मारली तर क्षेत्रफळ ४० टक्के वाढतं, आणि छोट्या इंजिनमध्ये ते मला कधीच मानवलेलं नाही.

हेडर खाली उतरवल्यावर

आता पाना लागेल. स्टड सोडवताना जोर करू नका. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये स्टड तुटला तर तिथेच थांबा. हँड ड्रिलने तो काढायच्या नादात हेडला वाकडं भोक पडलेलं मी पाहिलंय. ते काम मशिन शॉपचं आहे.

जुन्या गॅस्केटवरची काजळी वाचा. पोर्टभोवती काळं वर्तुळ स्वच्छ असेल तर ठीक. वर्तुळातून बाहेर काळी जीभ निघाली असेल तर गॅस तिथून जात होता. गॅस्केटची कड भोकात डोकावत असेल तर कापून घ्या. नळीचं तोंड पोर्टपेक्षा लहान असेल तर गॅस सरळ त्या कडेवर आपटतो. पोर्टपेक्षा नळी थोडी मोठी चालते, लहान चालत नाही.

मग फ्लँजवर स्ट्रेट एज आडवी ठेवा आणि खालून ०.१ मिमीची फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून बघा. सरकली तर फ्लँज वाकली आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने ती केळ्यासारखी वळते, दोन्ही टोकं उचलली जातात आणि एक नंबर व चार नंबर गळायला लागतात. कितीही कसा, दुसऱ्या दिवशी परत तेच. सातपूर-अंबडमध्ये सरफेस ग्राइंडरवाले भरपूर आहेत, हे छोटं काम आहे. पुन्हा वळू नये म्हणून मी फ्लँज १० मिमीची घेतो, जुन्या हेडवर बोल्ट करूनच वेल्ड मारतो आणि शेवटी दोन पोर्टांमधली पट्टी कापून टाकतो. स्टेनलेस तापल्यावर चांगलंच वाढतं. ३०४ ची ७०० मिमीची नळी ६०० अंशांनी तापली तर लांबी सुमारे साडेसात मिमी वाढते. तिला सरकायला वाव नसेल तर ती फ्लँज तरी वाकवते किंवा वेल्ड तरी फोडते.

आता पाण्याची परीक्षा. एक नंबरच्या पोर्टात पाणी ओता आणि कुठून बाहेर येतं ते पाहा. फोर-टू-वन हेडर (चार नळ्यांच्या आधी दोन, मग एक) असेल आणि फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असेल तर १ आणि ४ ची जोडी हवी, २ आणि ३ ची दुसरी. शेजारच्या नळ्या जोडायला सोप्या, म्हणून १-२ आणि ३-४ अशा जोड्या मारलेले हेडर माझ्याकडे आले आहेत. मग एका जोडीतले दोन ठोके १८० अंशांवर येतात, पुढे ५४० अंश शांतता, आणि एकाचा दाब दुसऱ्याच्या तोंडाशी जातो. असं निघालं तर पुढच्या तपासण्यांची गरजच नाही, जोडणी बदला.

जोड्या बरोबर असतील तर कलेक्टरच्या बाजूने रबरी बूच लावून प्रत्येक प्रायमरी पाण्याने काठोकाठ भरा आणि मोजपात्रात ओता. समजा २५० मिमी दीड इंची आणि पुढे ४५० मिमी इंच पाच सूत, तर सुमारे ७५० मिली यायला हवं. रुंद भागात १० मिमीची चूक म्हणजे ११ मिली. वळणदार नळीला टेप लावून जे कळत नाही ते पाणी सांगतं. चार आकड्यांत एखादा ४० मिलीने वेगळा आला तर ती नळी पुन्हा बनवा. टप्प्याची जागाही चौघांत सारखी हवी, ती बाहेरून वेल्डच्या पट्ट्यावर मोजता येते.

शेवटी टॉर्च घेऊन आत बघा. टप्पा बारीकाकडून रुंदाकडेच जातोय ना? एखादी नळी उलटी बसवली गेली तर कड प्रवाहाला आडवी येते. आणि वेल्डची मुळं पाहा. स्टेनलेस टिगने (आरगॉन वायूच्या आवरणात करायच्या वेल्डिंगने) जोडताना आतून आरगॉन सोडला नसेल तर मुळाशी काळं दाणेदार जाळं तयार होतं, तळलेल्या अनारशाच्या पाठीसारखं. ते वाट अडवतं आणि भेगा तिथूनच सुरू होतात. हे मला शिकवलं ओझरच्या विमान कारखान्यात आयुष्य काढलेल्या एका निवृत्त वेल्डरकाकांनी. ते पाइपचं एक टोक चिकटपट्टीने बंद करून आरगॉन सोडायचे आणि पूर्ण मिनिटभर गप्प उभे राहायचे. मला घाई असायची. ते म्हणायचे, "आतली हवा गेली नाही तर तू बाहेरून कितीही सुंदर शिव." टिगची सवय नसलेल्याने हे काम अंगावर घेऊ नये. गॅस वेल्डिंगवाल्याकडे तर नेऊच नका.

मॅपिंग

इथवर सगळं ठीक निघालं तर ट्युनरला फोन करा. हेडर बदलला की प्रत्येक आरपीएमला इंजिन किती हवा घेतं ते बदलतं. जुना मॅप (पेट्रोल आणि ठिणगी कधी, किती हे ठरवणारा ईसीयूमधला तक्ता) तसाच ठेवून नव्या हेडरला दोष देणं अन्यायाचं आहे. नाशिककरांसाठी आणखी एक गोष्ट: आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहोत, हवेचा दाब साधारण ७ टक्के कमी. फक्त थ्रॉटलच्या कोनावर चालणारा आणि दाबाची दुरुस्ती नसलेला ईसीयू मुंबईत किंवा चेन्नईत ट्यून केला असेल, तर घाट चढून नाशिकला आल्यावर तो तेवढाच रिच चालतो. मॅपिंग डायनोवर, वाइडबँड सेन्सर (मिश्रणाचा नेमका आकडा देणारा) लावून करा. रस्त्यावर, अंदाजाने इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे ढकलत बसू नका.

कापण्याआधीची शेवटची परीक्षा

कलेक्टरच्या पुढे १५० मिमीचा तुकडा क्लॅम्पने जोडा आणि डायनोवर बघा. मग ३०० मिमीचा. खड्डा खाली सरकला किंवा उथळ झाला तर दोष लाटांच्या वेळेचा, म्हणजे हेडरच्या मापांचा आहे. जागचा हललाच नाही तर हेडरला हात लावू नका. मॅप, कॅमचं टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ) आणि इग्निशनकडे परत जा. या एका परीक्षेने माझे अनेक हेडर कटरपासून वाचले आहेत.

मापांचाच दोष निघाला तर मी आधी पहिली बारीक नळी लांब करतो, म्हणजे टप्पा पोर्टपासून दूर नेतो. मधल्या आरपीएमला गॅसचा वेग टिकतो. तरी नाही जमलं तर पहिली नळी एक सूत बारीक. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाचा डायनोचा कागद जपून ठेवा. तिसऱ्यांदा कापायची वेळ आली तर थांबा आणि कॅमचं कार्ड (त्याची मापं लिहिलेला कागद), पोर्टची मापं घेऊन इंजिन सिम्युलेशन करणाऱ्या माणसाकडे जा. त्याची फी चौथ्या हेडरच्या स्टेनलेसपेक्षा स्वस्त पडते.

या ठिकाणी मात्र लगेच थांबा

इंजिनात पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, म्हणजे डिटोनेशन. पाय काढा, इंजिन बंद. एखादा प्लग पांढराफटक किंवा फोड आलेला निघाला, किंवा एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलं, तर व्हॉल्व्ह जळाला असण्याची शक्यता आहे. हे इंजिन बिल्डरचं काम आहे. केबिनमध्ये एक्झॉस्टचा वास आला किंवा चालवताना डोकं जड झालं तर गाडी ट्रेलरवरच घाला. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, त्यामुळे वास कमी झाला म्हणजे धोका टळला असं धरू नका.

आणि हे सगळं स्पर्धेच्या गाडीसाठी, एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या) तुमच्या गटाच्या नियमांत बसत असेल तर. रस्त्यावरच्या गाडीत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कचाट्यात सापडतो. गंगापूर रोडवर रात्री फिरायला हेडर बनवून द्या म्हणणाऱ्या मुलांना मी परत पाठवतो.

हेडर परत चढवताना गॅस्केट नवीनच घ्या. नट कसून झाले की प्रत्येकावर आणि फ्लँजवर मिळून पांढऱ्या पेंट मार्करची एक सरळ रेघ ओढा. इंजिन तापवा, पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा कसा, रेघ नवीन ओढा. पुढच्या सराव फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली तर तो नट सैल झालाय. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असतानाच, साबणाचं पाणी आणखी एकदा मारा.